कुंपण नसलेल्या रानात, तंबूत राहायचे तर

आफ्रिकेच्या सव्हानात, म्हणजे गवताळ माळरानात, तंबूत राहायला जायचे ठरले की आपल्या सांगलीकडचा माणूस आधी विमानभाडे विचारतो, मग व्हिसाचे विचारतो आणि मग सिंह नक्की दिसतो का, हे विचारतो. माझे म्हणणे असे आहे की पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. कॅम्पला पाणी कुठून येते, माणशी किती वापरले जाते आणि वापरलेले पाणी कुठे सोडले जाते, या तीन गोष्टी ज्या कॅम्पला सरळ सांगता येतात, त्याचा कचरा, वीज आणि गावकऱ्यांशी असलेला व्यवहारही बहुतेक वेळा चोख असतो. माझे बालपण जत तालुक्यात टँकरच्या पाण्यावर गेले असल्यामुळे हा प्रश्न माझ्या तोंडी आपोआप आला. पुढे दोन वेळा केनियात जाऊन राहिल्यावर तो किती नेमका होता, हे कळले.

पहिल्या खेपेला आमची फसगत झाली होती. कॅम्पच्या नावापुढे ‘इको’ असे ठळकपणे लिहिलेले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या मागे धूर दिसला म्हणून जाऊन पाहिले, तर एका उघड्या खड्ड्यात बाटल्या, डबे आणि भाजीची देठे एकत्रच जळत होती आणि खड्ड्याच्या काठावर पाच-सहा माराबू करकोचे चोचीने ती राख उकरत होते. त्या पक्ष्यांच्या चोचीतून लोंबणारा प्लास्टिकचा तुकडा मी अजून विसरलेली नाही. म्हणून कॅम्पच्या नावावर किंवा छायाचित्रांवर न जाता आधी पत्र लिहून विचारावे, आणि उत्तर मोघम आले तर दुसरा कॅम्प शोधावा.

पत्रात काय विचारावे, ते सविस्तर सांगते. पाणी बोअरचे आहे, पावसाचे साठवलेले आहे, नदीतून उपसलेले आहे की टँकरने आणलेले, हे विचारावे. सांडपाण्यासाठी शोषखड्डा आहे का आणि तो नदीपासून किती दूर आहे, हे विचारावे. स्वयंपाकासाठी लाकूड व कोळसा वापरतात की गॅस, आणि आंघोळीचे पाणी सूर्यबंबावर तापते की चुलाण्यावर, हेही विचारावे. चुलाण्यासाठी सरपण आसपासच्या रानातूनच तोडले जात असेल तर ती सोय झाडांच्या मुळावर येते. ओला कचरा जाळीबंद खड्ड्यात कुजवतात का, कारण उघडा टाकला की बबून माकडे आणि तरस त्याला सोकावतात, आणि सोकावलेले जनावर पुढे माणसाच्या अंगावर येऊ लागले की शेवटी जीव त्याचाच जातो. काच आणि पत्रा परत शहराकडे पाठवतात का, हेही विचारावे. तंबूखाली सिमेंटचा चौथरा आहे की लाकडी फळ्यांचा, या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत बोलके वाटते, कारण फळ्या उचलता येतात. आटपाडीकडच्या धनगरांचा वाडा शेतातून उठला की मागे लेंडीखताशिवाय काही राहत नाही. चांगला कॅम्प उठून गेला तर मागे तेवढेही राहू नये, अशी अपेक्षा धरावी. केनियात ‘इकोटुरिझम केनिया’ ही संस्था कॅम्प तपासून कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशी प्रतवारी देते. ही प्रत कोणत्या साली मिळाली आणि तिची मुदत चालू आहे का, तेवढे मात्र पाहून घ्यावे.

जागेची निवड ही पाण्याच्या खालोखाल महत्त्वाची बाब आहे. केनियातले मसाई मारा हे राखीव क्षेत्र सुमारे 1,510 चौरस किलोमीटरचे आहे. चांदोली आणि कोयना मिळून झालेला आपला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सुमारे 1,165 चौरस किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज यावा. माराच्या दक्षिणेला टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटर पसरलेले आहे, आणि दोहोंच्या मध्ये जनावरांना अडवणारे कुंपण नाही. दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट, म्हणजे बैलासारखी दिसणारी मोठी कुरंगे, आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे पावसामागे, म्हणजेच कोवळ्या गवतामागे, या दोन्ही देशांत वर्षभर फिरत असतात. ते साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या आसपास येतात, तर फेब्रुवारीच्या सुमारास सेरेंगेटीच्या दक्षिण भागात त्यांची वासरे जन्मतात.

राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई या पशुपालक जमातीतल्या कुटुंबांच्या मालकीच्या जमिनी आहेत. तेथील अनेक मालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून वन्यजीवांसाठी मोकळ्या ठेवल्या आहेत आणि कॅम्पवाले त्याबद्दल त्यांना ठरलेले भाडे देतात. अशा क्षेत्राला कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. 2010 मध्ये स्थापन झालेल्या नाबोइशो कॉन्झर्व्हन्सीत पाचशेहून अधिक जमीनमालक आहेत आणि तिचे क्षेत्र सुमारे 50,000 एकर आहे. मसाईंच्या मा भाषेत ‘नाबोइशो’ म्हणजे एकत्र येणे. साखर कारखाना, दूध संघ आणि पतसंस्था यांच्यावर उभ्या राहिलेल्या आपल्या जिल्ह्याला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. अशा क्षेत्रात कॅम्पांची आणि गाड्यांची संख्या मर्यादित असते, मार्गदर्शकासोबत पायी फिरता येते, रात्रीही गाडीतून फिरता येते. राखीव क्षेत्रात या दोन्ही गोष्टींना परवानगी नसते. कॉन्झर्व्हन्सीतले राहणे महाग पडते, हे खरे आहे. तरीही सहा रात्री स्वस्तात काढण्यापेक्षा तेथे चार रात्री राहणे मला अधिक योग्य वाटते. पाच दिवसांत तीन कॅम्प बदलण्याचा बेत तर कोणी सुचवला तरी मान्य करू नये. मुंबईहून नैरोबीचे विमान आपण टाळू शकत नाही, पण आत गेल्यावरची धावपळ नक्की टाळू शकतो. शिवाय एकाच जागी चार दिवस राहिले की कालची सिंहीण आज कुठे गेली, हेही कळू लागते.

काळ कोणता निवडावा, हे ज्याच्या त्याच्या सवडीवर आहे. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांना एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी यांच्यामधले जुलै-ऑगस्ट हे महिने सोयीचे पडतात आणि नदी ओलांडणारे कळपही तेव्हाच दिसतात. मात्र तेव्हा गर्दी असते आणि दरही चढे असतात. 2024 पासून मारा राखीव क्षेत्राचे परदेशी प्रौढांसाठीचे शुल्क जानेवारी ते जून या काळात दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात 200 डॉलर झाले आहे, त्यामुळे ठरवण्यापूर्वी चालू दर पुन्हा पाहून घ्यावेत. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा असतो आणि तेव्हा बरेच कॅम्प बंद राहतात. जानेवारी-फेब्रुवारी कोरडे असतात, गवत आखूड असते आणि गर्दीही कमी असते.

कागदपत्रांत दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे, ती निघण्यापूर्वीच काढावी लागते. दुसरी गोष्ट पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीची. केनियाहून परत येणाऱ्या प्रवाशाकडे भारतातील विमानतळावर या लशीचे पिवळे कार्ड मागितले जाते, आणि ते नसेल तर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होते आणि ते पुढे आयुष्यभर चालते. ही लस पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणच्या सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि तेथे आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून सांगलीहून जाणाऱ्यांनी हे काम किमान महिनाभर आधी उरकावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रवासविमा घेताना रानातून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, तेही वाचून पाहावे.

सामान मात्र मन लावून भरावे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून रानातल्या धावपट्टीवर जाणारी विमाने लहान असतात आणि त्यांत हातातल्या पिशवीसह साधारण 15 किलोच सामान चालते, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग आत मावत नाही. सुती, मातकट किंवा खाकी रंगाचे तीन-चार जोड पुरतात, कारण कॅम्पात कपडे हाताने धुऊन मिळतात. आतले कपडे मात्र बहुतेक ठिकाणी धुवायला घेत नाहीत, ते आपले आपण धुवावेत. गडद निळा आणि काळा रंग टाळावा, कारण त्सेत्से माशी या रंगांकडे ओढली जाते आणि तिचा चावा चांगलाच झोंबतो. जवानांच्या गणवेशासारखे छापील कापड आफ्रिकेतील काही देशांत निषिद्ध आहे, म्हणून तेही घरीच ठेवावे. माराचा माळ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर असल्यामुळे जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या गाडीत कडाक्याची थंडी वाजते. स्वेटर आणि माकडटोपी न्यावी. दुर्बीण माणशी एक असावी, कारण एकाच दुर्बिणीवरून घरात होणारी ओढाताण मी अनुभवली आहे. चार्जर तेथील तीन चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये बसेल असा जोडही घ्यावा.

प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून त्यांच्यावर बंदी आहे, आणि जून 2020 पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या बाटल्या, पेले आणि चमचेही नेता येत नाहीत. माझ्या आत्याने चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि तासगावचे बेदाणे प्लास्टिकच्या सात पिशव्यांत बांधून दिले होते. ते सगळे आदल्या रात्री स्टीलच्या डब्यांत आणि सुती पिशव्यांत भरावे लागले. आणखी एक गोष्ट कोणी सहसा सांगत नाही, ती अशी की निघण्यापूर्वी बुटांचे तळवे घासून धुवावेत. गाजरगवताने आपल्या माळांची काय दशा केली, ते आपण पाहिले आहे. तेच गवत आता मारातही पसरू लागले आहे, आणि त्याचे बी चिखलाबरोबर सहज प्रवास करते.

कॅम्पवर पोहोचल्यावर तेथील लोक पंधरा-वीस मिनिटे नियम समजावून सांगतात, ते थकवा असला तरी नीट ऐकावेत. अंधार पडल्यावर तंबूतून एकट्याने बाहेर पडायचे नाही, हा त्यातला पहिला नियम. जेवायला जाताना आणि परत येताना अस्करी, म्हणजे राखणदार, बॅटरी घेऊन सोबत येतो. त्याला बोलावण्याची खूण, मग ती शिट्टी असो की वायरलेस, लगेच शिकून घ्यावी. खायचे पदार्थ तंबूत ठेवू नयेत, ते स्वयंपाकघरात द्यावेत. तंबूच्या दोन्ही चेन एकत्र आणून त्यांना कडी अडकवावी, कारण तिथल्या वानरांना नुसती चेन उघडता येते. आम्ही कडी लावायला एकदाच विसरलो, आणि परतलो तेव्हा दात घासायची पेस्ट गादीवर पिळलेली होती.

आंघोळ हा या राहण्यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. तंबूच्या मागे न्हाणीच्या वर दोरीने टांगलेली कॅनव्हासची बादली असते. संध्याकाळी सांगितलेल्या वेळेला बाहेरून हाक येते, “माजी मोतो!”, म्हणजे गरम पाणी, मग बादली खाली उतरल्याचा, पाणी ओतल्याचा आणि दोरीवरून ती पुन्हा वर खेचल्याचा आवाज येतो. त्यात साधारण वीस लिटर पाणी असते. साखळी ओढून अंग भिजवावे, लगेच पाणी बंद करावे, साबण लावावा आणि मग उरलेल्या पाण्याने अंग धुवावे. या क्रमाने गेल्यास केस धुऊनही पाणी उरते. सुरुवातीचे थंड पाणी वाहून जाऊ न देता तळाशी ठेवलेल्या भांड्यात धरावे, त्यात मोजे धुता येतात. साबण आणि शाम्पू कॅम्पचेच वापरावेत, कारण ते शोषखड्ड्यातल्या जीवाणूंना मारणारे नसतात. आपल्याकडचे जंतुनाशक द्रव किंवा ओले रुमाल तेथील संडासात टाकणे म्हणजे ती सारी व्यवस्था बंद पाडणे होय. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहायची सवय लागलेल्या आमच्या मुलांना पहिल्या दिवशी हे जड गेले. त्यांच्या आजीला मात्र काहीच वेगळे वाटले नाही, कारण जतच्या घरी त्या अर्ध्या बादलीत आंघोळ करून ते पाणी अळूला घालत आल्या आहेत.

वीज सौर पॅनेलवरची असते, म्हणून केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री किंवा पाणी तापवायची किटली नेऊ नये. मोबाइल आणि कॅमेरे दिवसा, ऊन असताना, मोठ्या तंबूत चार्ज करावेत. रात्री दिवे मंद ठेवतात, त्याबद्दल तक्रार करू नये. बाहेर उजेड नसल्यामुळेच आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसते.

रात्रीबद्दल थोडे अधिक सांगते, कारण लोकांना खरी भीती तिचीच वाटते. कॅम्पला कुंपण नसते आणि जनावरे तंबूंमधून ये-जा करतात. बंद तंबू त्यांना एखाद्या खडकासारखा वाटतो आणि ती बाजूने निघून जातात. धोका असतो तो चेन उघडून बाहेर डोकावणाऱ्याला. आमच्या दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मला अगदी उशाशी आवाज आला. कुरतडल्यासारखा नव्हे, तर मूठ भरून गवत मुळासकट ओढावे तसा, आणि मग सावकाश रवंथ केल्यासारखा. आमच्या गोठ्यात रात्री म्हैस कडबा ओढायची, तोच आवाज होता. मी श्वास धरून पडून राहिले. मध्येच एक जड फुत्कार आला आणि कापड किंचित थरथरले. सकाळी अस्करीने चार बोटांचे ठसे दाखवले, पाणघोडा होता. तो दिवसभर नदीत असतो आणि रात्री चरायला वर येतो, एका रात्रीत सुमारे 40 किलो गवत खातो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कोणी आले तर तो फार धोकादायक ठरतो. अशा वेळी करायचे एकच, ते म्हणजे बॅटरी न लावता, न बोलता आणि न हलता पडून राहणे. सिंहाची डरकाळी तर आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते, त्यामुळे ती जवळ वाटली म्हणून सिंह जवळच आहे असे समजू नये. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली असते, पायाला काहीतरी उबदार लागले म्हणून दचकू नये.

गाडीतून फिरताना चालकाला घाई लावू नये. गाडी जनावराच्या आणखी जवळ नेण्यासाठी किंवा रस्ता सोडण्यासाठी त्याला पैशांचे आमिष दाखवणे तर अजिबात योग्य नाही, कारण दंड त्याला होतो आणि नोकरीही त्याचीच जाते. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नसाव्यात, असा दंडक आहे. तो किती गरजेचा आहे, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारातील अभ्यासातून दिसले: पर्यटक कमी असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची एका विणीतली सरासरी दोनहून अधिक पिल्ले स्वतंत्र होण्याइतकी मोठी झाली, तर गर्दीच्या भागात ही सरासरी एकाच्या पाव भागापर्यंतही पोहोचली नाही. म्हणून चित्त्याभोवती गाड्या जमलेल्या दिसल्या, तर आपणच चालकाला “पुढे चला” म्हणावे. नदीकाठी कळप ओलांडायची वाट पाहताना दूर थांबावे आणि कळपाची वाट मोकळी ठेवावी. मारा नदी केनियातल्या ‘मऊ’ नावाच्या जंगलात उगम पावते आणि टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराला मिळते; वरचे जंगल तुटले की खाली मगरींच्या डोहात पाणी घटते. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेच्या काठी भिलवडी-औदुंबरला मगरी पाहत वाढलेल्या माणसाला हे नाते चटकन उमगेल.

जेवणाबाबत आधी कळवले की अडचण येत नाही, पण महिनाभर आधी कळवावे, कारण भाजीपाला आणि किराणा दुरून ठरावीक दिवशीच येतो. ‘शाकाहारी’ एवढेच न लिहिता अंडे चालते का, कांदा-लसूण चालतो का, हे स्पष्ट लिहावे. चपाती आणि चहा यांची धास्ती नको: स्वाहिलीतही ‘चपाती’ आणि ‘चाय’ हेच शब्द आहेत, आणि दुकानाला ‘दुका’ म्हणतात. ताटात लागेल तेवढेच घ्यावे.

मसाई वस्तीवर जायचे असल्यास पैसे कोणाला मिळतात, हे आधी विचारावे आणि मण्यांचे दागिने करणाऱ्या बाईच्या हातातूनच ते विकत घ्यावेत. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नयेत. आपल्या दारात कोणी परका येऊन न विचारता फोटो काढू लागला तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांना वाटते.

निघायच्या दिवशी बक्षिसी सामाईक पेटीत टाकावी, म्हणजे भांडी घासणाऱ्यालाही तिचा वाटा मिळतो. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या असाव्यात, जुन्या तेथे घेत नाहीत. रिकाम्या बाटल्या, वापरलेले सेल आणि औषधांची वेष्टने आपल्याबरोबर परत आणावीत. मोज्यांत आणि पँटच्या घडीत अडकलेले गवताचे कुसळ तेथेच काढून टाकावे, बूट पुन्हा झटकावेत, आणि पिवळे कार्ड मोठ्या बॅगेत न टाकता पासपोर्टमध्येच ठेवावे, कारण मुंबईला उतरल्यावर ते पहिल्याच खिडकीवर मागतात.